केग मोजायला गेले तेव्हा: आयर्लंडमधल्या एका लहान ब्रुअरीचं प्रकरण

मी आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्कच्या परिसरात, लहान धंद्यांचे जमाखर्च सांभाळते. २०२३ च्या शेवटी शेवटी एका ब्रुअरीचे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याचे, हिशेब माझ्याकडे आले. तिथे आधी काय घडलं आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत काय घडलं, ते इथे मांडते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं, ब्रुअरीचं, बिअरचं नाव गाळलं आहे आणि धंद्याचे आकडे ढोबळ ठेवले आहेत. कर आणि कायद्याचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत. आयर्लंडच्या क्राफ्ट बिअरचं, म्हणजे लहान ब्रुअरींच्या बिअरचं, कौतुक दहा वर्षांपूर्वी भरभरून झालं, आता पडझडीच्या बातम्या येतात. चांगली बिअर बनवणाऱ्या, उधळेपणा न करणाऱ्या माणसांचा पाय नेमका कुठे घसरतो, हे त्या दोन्हींमध्ये सापडत नाही. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

## पार्श्वभूमी

आर्थर गिनीजने १७५९ मध्ये डब्लिनची सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने, नऊ हजार वर्षांच्या करारावर घेतली, ही गोष्ट इथे कुणीही सांगतो. त्या काळ्या बिअरच्या सावलीत गावोगावच्या ब्रुअरी एकेक करून बंद झाल्या किंवा विकल्या गेल्या. १९९६ च्या सुमाराला पुन्हा थोडी धुगधुगी आली. डब्लिनच्या टेंपल बार या भागात पोर्टरहाउसने पबातच बिअर बनवायला घेतली, कार्लोमध्ये ओहारा भावांनी ब्रुअरी काढली. त्या पिढीतल्या कित्येकांचा निभाव लागला नाही. मोठ्या कारखान्याला आणि दोन टाक्यांच्या ब्रुअरीला अबकारी कर सारख्याच दराने लागत होता, हे त्यातलं मोठं कारण.

२००५ मध्ये सरकारने लहान ब्रुअरींना निम्मा अबकारी कर माफ केला. त्यासाठीची उत्पादनाची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेली. मग २००८ ची मंदी आली. बँका बुडाल्या, बांधकामं थांबली, शेड ओस पडल्या, शिकलेसवरलेले लोक घरी बसले. क्राफ्ट बिअरची लाट उठली ती या पडीक जागांमधून. २०१२ मध्ये पंधराच्या घरात असलेल्या ब्रुअरी २०१७ पर्यंत शंभराच्या आसपास गेल्या, त्यात दुसऱ्याच्या टाकीत बिअर बनवून घेणारेही आले.

आपली ब्रुअरी २०१३ ची. एक जोडपं आणि त्यांचा मित्र, असे तीन भागीदार. नवरा औषधांच्या कारखान्यात होता, त्यामुळे स्वच्छता, तापमान, नोंदी या गोष्टी त्याच्या अंगात मुरलेल्या. त्याला मी ब्रुअर म्हणते. बायको विक्री पाहायची. मित्राने पैसे घातले होते, तो महिन्यातून एकदा यायचा. जागा म्हणजे गावातली सहकारी डेअरीची जुनी इमारत, जिथे एके काळी शेतकरी रोज सकाळी दूध घालायला यायचे. मी सांगलीकडची. ती फरशी, पाणी वाहून जायच्या त्या पन्हाळी आणि दाराशी कॅन उतरवायचा तो कट्टा पाहिला आणि आमच्या गावचं दूध संकलन केंद्र डोळ्यांपुढे आलं. बिअरला लागतं तेच तिथे आयतं होतं: उताराची फरशी, भरपूर पाणी, जाड भिंतींमुळे गारवा. हजार लिटरचा जुना ब्रूहाउस, म्हणजे बिअर शिजवायचा संच, त्यांनी विकत घेतला आणि लाल एल, फिकट रंगाची पेल एल आणि काळी स्टाउट अशा तीन बिअर काढल्या. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, चोथा शेजारचा शेतकरी गाईंना न्यायचा, अजूनही नेतो.

पहिली तीन वर्षं छान गेली. आजूबाजूच्या तीसेक पबांमध्ये त्यांचे केग, म्हणजे बिअरची धातूची पिंपं, लागत होते. उधारी होती, पण वसूल होत होती.

## अडचण कशी साचत गेली

आयर्लंडच्या पबात टॅप मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. बारवरची प्रत्येक टॅप म्हणजे तळघरातून वर आलेली एक नळी, तिचा कूलर आणि तिची ठरावीक दिवसांनी करायची सफाई. मोठ्या कंपन्या हे सगळं स्वतःच्या खर्चाने लावून देतात आणि सांभाळतात. लहान ब्रुअरीला यातलं काही परवडत नाही. ती पबमालकाच्या मर्जीवर एखादी मोकळी नळी मागते. २०१३ मध्ये मोल्सन कूर्स या बड्या बिअर कंपनीने कॉर्कची फ्रान्सिस्कन वेल ही लहान ब्रुअरी विकत घेतली, २०१५ मध्ये गिनीजची मालक असलेल्या डिआजिओने हॉप हाउस १३ ही नवी बिअर आणली. गिऱ्हाईकाला ‘काहीतरी वेगळं’ हवं असेल, तर ते आता मोठ्या कंपनीच्या त्याच गाडीतून, त्याच बिलावर, फुकटच्या देखभालीसकट येऊ लागलं. पबमालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण २०१६ च्या हिवाळ्यात आपल्या ब्रुअरीच्या तीस टॅपपैकी नऊ गेल्या.

### पहिलं वळण: कॅनची मशीन

२०१७ मध्ये एका सुपरमार्केट साखळीने देशभरच्या दुकानांत ठेवायला बिअर मागितली. अट एवढीच की बाटल्या नकोत, अर्ध्या लिटरचे कॅन हवेत, आणि ‘दहा युरोत चार’ या योजनेत बसायला हवेत. तिघांना वाटलं, पबमालकांच्या मिनतवाऱ्या संपल्या. कर्ज आणि भाडेपट्टा मिळून कॅन भरायची मशीन आली, दोन नव्या टाक्या आल्या.

यातला हिशेब तेव्हा कुणी कागदावर मांडला नव्हता, तो असा. अडीच युरोच्या कॅनमधून २३ टक्के व्हॅट वजा केला की उरतात २ युरो ३ सेंट. दुकानाचा वाटा जाऊन ब्रुअरीच्या हाती साधारण १ युरो ४० सेंट. आयर्लंडचा अबकारी कर शंभर लिटरमागे, मद्याच्या दर टक्क्याला २२.५५ युरो आहे. साडेचार टक्क्यांच्या बिअरला तो शंभर लिटरमागे १०१ युरोंच्या वर जातो. निम्मी माफी धरली तरी अर्ध्या लिटरला २५ सेंट. राहिले १ युरो १५ सेंट. त्यातून रिकामा कॅन, झाकण, लेबल, खोका असे ३५ ते ४० सेंट. उरलेल्या पाऊण युरोत माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), वीज, पगार, डब्लिनच्या गोदामापर्यंतची वाहतूक आणि मशीनचा हप्ता. लिटरच्या हिशेबात हे दीड युरो झाले. तीच बिअर जवळच्या पबात केगमधून गेली, तर कर वजा जाता लिटरमागे तीन युरो तीस सेंट पडत होते. एका लिटरमागे निम्म्याहून जास्त फरक, आणि ब्रुअरी सगळा जोर लावत होती ते कमी पैशाच्या बाजूला.

### दुसरं वळण: न घेतलेला परवाना

आयर्लंडमध्ये २०१८ पर्यंत ब्रुअरीला स्वतःच्या दारात आलेल्या पाहुण्याला एक पाइंटही (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) विकता येत नव्हता. त्यासाठी पबचा परवाना लागायचा, आणि नवा परवाना हवा तर कुठला तरी जुना परवाना विकत घेऊन रद्द करावा लागायचा. त्यांना सांगितला गेलेला भाव पन्नास हजार युरोंच्या पुढे होता. २०१८ च्या नव्या कायद्याने वाट थोडी मोकळी केली. ब्रुअरी दाखवायची फेरी पूर्ण केलेल्या पाहुण्याला, सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळात, स्वतःची बिअर विकायला परवानगी मिळाली. सातची अट जाचक आहे. गावातला माणूस कामावरून सुटून जेवून बाहेर पडतो तोच सातनंतर. तरी ही आयर्लंडमधल्या लहान ब्रुअरीच्या हातात आलेली पहिली स्वतःची खिडकी होती.

२०१९ मध्ये तिघांनी त्यावर चर्चा केली. स्वच्छतागृहं, आगीपासून बचावाची सोय, वकील, न्यायालय हे सगळं धरून पंचवीस हजारांचा अंदाज होता. बायकोचं म्हणणं होतं की करूया. पैसे घातलेल्या मित्राचं म्हणणं पडलं की आठवड्याला चाळीस पर्यटकांसाठी एवढा खर्च कशाला, त्यापेक्षा आणखी एक टाकी घेऊ, सुपरमार्केट माल मागतंय. ब्रुअर मध्ये होता, तो टाकीच्या बाजूने गेला. टाकी आली.

### तिसरं वळण: महामारीने दिलेला कौल

१५ मार्च २०२० ला देशातले पब बंद झाले. तळघरांत लागलेले केग परत आले आणि त्यातली बिअर ओतून द्यावी लागली. ब्रुअर आजही तो दिवस सांगताना थांबतो. पण घरी बसलेल्या लोकांनी कॅन उचलले. सुपरमार्केटची मागणी दुप्पट झाली, स्वतःच्या संकेतस्थळावरून देशभर खोके जाऊ लागले. कॅनची मशीन नसती तर त्याच वर्षी कुलूप लागलं असतं, हे खरंच आहे.

आणि म्हणूनच तो काळ घातक ठरला. मशीन घेण्याचा निर्णय बरोबर होता, असा सगळ्यांचा पक्का समज झाला. पब बंद असताना मिळालेलं गिऱ्हाईक पब उघडल्यावर टिकेल का, हे कुणी विचारलं नाही. बिअरचे प्रकार तीनवरून चौदा झाले. दर महिन्याला नवा आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर), नवं लेबल, नवे महागडे अमेरिकन हॉप्स. त्याच दरम्यान सरकारने व्यवसायांना व्हॅट आणि कर्मचाऱ्यांच्या पगारावरचा कर काही काळ बाजूला ठेवायची मुभा दिली होती. ब्रुअरीने ती घेतली, सगळेच घेत होते. बाजूला ठेवलेली ही रक्कम एक लाख चाळीस हजार युरोंवर गेली. बँकेतल्या शिलकीत मात्र ती आपलीच असल्यासारखी दिसत राहिली.

जानेवारी २०२२ मध्ये निर्बंध उठले. लोक पबात परतले आणि गिनीजकडे परतले. पंचविशीतली मुलं, जी पाच वर्षांपूर्वी आयपीए मागायची, ती काळ्या पाइंटचे फोटो टाकू लागली. बिनमद्याच्या बिअरने आणखी एक टॅप खाल्ली. युक्रेनच्या युद्धानंतर माल्ट, वीज, कॅन, कार्बन डायऑक्साइड सगळं महागलं. चार जानेवारी २०२२ पासून मद्याला किमान किंमत लागू झाली, ग्रॅममागे १० सेंट. तिने स्वस्त लागर, म्हणजे मोठ्या कंपन्यांची नेहमीची पिवळी बिअर, थोडी महाग केली, पण साडेचार टक्क्यांच्या अर्ध्या लिटरला ती किंमत १ युरो ७८ सेंट पडते. आपल्या ब्रुअरीचा कॅन आधीच तिच्या वर होता. स्वस्त लागर आणि या कॅनमधलं अंतर कमी झालं, पण गिऱ्हाईक हलावं इतकं नाही.

## मी आले तेव्हाचं चित्र

बायकोने मला बोलावलं ते व्हॅटची विवरणपत्रं मार्गी लावायला. मी पहिले दोन महिने तेच केलं. ती माझी चूक, कारण त्या धंद्याला विवरणपत्रांनी काही होणार नव्हतं.

जानेवारीत ताळेबंदात ‘केग: ९००’ अशी ओळ दिसली आणि मी विचारलं, कधी मोजले? कुणालाच आठवेना. एका शनिवारी आम्ही तिघं थंड खोलीत उतरलो. चार अंशांचं तापमान, ओल्या फरशीवर रबरी बूट, हातात खडू. मोजलेल्या प्रत्येक केगवर एक रेघ. सगळ्यात मागच्या रांगेत अठरा केग परत आलेले निघाले, झाकणावरच्या तारखा गेल्या मे महिन्यातल्या, म्हणजे पबात लागलेच नव्हते आणि बिलातून वजाही झाले नव्हते. मग पुढचे दोन आठवडे बायको गाडी घेऊन पबोपबी फिरली. एका ठिकाणी मागच्या अंगणात केग आडवा करून त्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. एकूण सापडले सहाशे दहा. बाकीचे कुठे गेले ते आजवर कळलेलं नाही. नवा केग शंभर युरोंच्या आसपास पडतो.

पैशापेक्षा महत्त्वाचं हे, की केग कुठे आहे हे माहीत नसणं म्हणजे आपली बिअर कुठे आहे आणि कोण पितं हेच माहीत नसणं. त्या मोजणीनंतर आम्ही विक्रीही तशीच मोजली. एकूण मालातला निम्म्याहून जास्त सुपरमार्केटला जात होता आणि खर्च वजा जाता त्यातून जवळपास काही उरत नव्हतं. तीस किलोमीटरच्या आतले एकोणीस पब जेमतेम पाचवा हिस्सा माल घेत होते, आणि ब्रुअरीचे पगार त्यांच्यावर चालले होते. विक्रीच्या बैठकांमध्ये या एकोणिसांबद्दल कधी चर्चाच झाली नव्हती. ते ‘जुने’ म्हणून धरलेले.

## कोणते मार्ग होते

घड्याळ लागलेलं होतं. बाजूला ठेवलेल्या कराबद्दल १ मे २०२४ पर्यंत रेव्हेन्यूशी, म्हणजे इथल्या करखात्याशी, परतफेडीचा करार करायचा होता. फेब्रुवारीत सरकारने त्या रकमेवरचं व्याज शून्य केलं, तो मोठा दिलासा होता. पण तारीख चुकली असती तर सवलत गेली असती.

बंद करणं हा पहिला मार्ग. पैसे घातलेल्या मित्राला तोच योग्य वाटत होता, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. यंत्रं विकून बहुतेक देणी भागली असती. ब्रुअर पन्नाशीला टेकलेला, औषधांच्या कारखान्यात नोकरी सहज मिळाली असती.

दुसरा मार्ग स्कार्प. लहान कंपन्यांना वाचवण्याची ही कायदेशीर प्रक्रिया डिसेंबर २०२१ पासून सुरू आहे. कंपनीचे संचालक सल्लागार नेमतात, तो ४२ दिवसांत तोडग्याची योजना मांडतो, धनकोंनी मतदानाने ती मान्य केली तर कर्जाचा काही भाग माफ होऊन धंदा चालू राहतो. न्यायालयात जायची वेळ बहुधा येत नाही. मी या बाजूची होते. कॅन मशीनचा भाडेपट्टा यातून मोडता आला असता. पण रेव्हेन्यूला या प्रक्रियेतून स्वतःचं येणं बाहेर काढता येतं, आणि सगळ्यात मोठं देणं त्यांचंच. शिवाय बायकोने एका संध्याकाळी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. तिने विचारलं, योजना मंजूर झाली तर कुणाचे पैसे बुडतील? यादीत माल्टवाला होता, ज्याने महामारीत सहा महिने उधारीवर माल दिला. लेबल छापणारा होता, गावातलाच. त्या दोघांनी शंभरातले वीस-तीस युरो घेऊन गप्प बसायचं होतं. ‘सोमवारी परत माल्ट मागायला मीच जाणार आहे ना,’ ती म्हणाली.

तिसरा मार्ग, नाव विकून टाकायचं आणि बिअर दुसऱ्या मोठ्या ब्रुअरीत बनवून घ्यायची. दोन ठिकाणी बोलणी झाली, दोघांनाही आयपीएचं नाव हवं होतं, माणसं नको होती.

चौथा मार्ग आक्रसण्याचा. सुपरमार्केट सोडायचं, मशीन विकायची, जवळचे पब आणि स्वतःचं दार एवढ्यावर जगायचं, रिकाम्या टाक्या इतरांना भाड्याने द्यायच्या. तीन रात्री आम्ही त्याचे आकडे घोळवले. पगारी माणसं नवावरून पाचावर आणली तरच तोंडमिळवणी होत होती.

## काय केलं

चौथा मार्ग घेतला. मित्राने विरोधात मत दिलं आणि मग बाहेर पडला. त्याचे पैसे कसे परत करायचे याबद्दल २०१३ मध्ये कागद झालाच नव्हता, त्यामुळे दोन महिने वकिलांत गेले आणि पंधरा वर्षांची मैत्री गेली. या सगळ्या प्रकरणात ज्याची भरपाई होऊ शकत नाही ते हेच.

चौघांना कामावरून कमी केलं. आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे दोन वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला दर वर्षामागे दोन आठवड्यांचा आणि वर एक आठवड्याचा पगार द्यावा लागतो. ती रक्कम आधी बाजूला काढली, मगच त्यांना सांगितलं. ब्रुअरने प्रत्येकाला वेगळं बसवून सांगितलं, त्यातला एक मुलगा सोळाव्या वर्षापासून तिथे उन्हाळी कामाला येत होता.

रेव्हेन्यूशी एप्रिलमध्ये पाच वर्षांचा करार झाला, महिन्याला सुमारे २,३०० युरो. अधिकाऱ्याने एकच गोष्ट नीट विचारली, चालू महिन्याचा कर वेळेवर भरला जाईल ना? त्यासाठी वेगळं बँक खातं उघडलं. दर शुक्रवारी व्हॅट, अबकारी आणि पगारावरचा कर त्यात वळतो, आणि त्या खात्याचं कार्ड कुणाकडेच नाही.

कॅनची मशीन विकली गेली, पण भाडेपट्ट्याच्या बाकीपेक्षा बरीच कमी रक्कम आली. तो खड्डा भरायला ब्रुअरने स्वतःची बचत घातली. माझा स्कार्पचा सल्ला मानला असता तर हा खड्डा कदाचित पडला नसता. माल्टवाला मात्र गेला असता. आजही मला या दोन्हींचं वजन नीट करता येत नाही.

चौदा बिअरमधल्या दहा बंद केल्या. राहिल्या लाल एल, पेल एल, एक साधी लागर आणि स्टाउट. ब्रुअर स्टाउटवर तीन महिने राबला. लोक काळ्या पाइंटकडे परतलेच आहेत, तर गावची काळी बिअर का नको, असा त्याचा विचार होता. नायट्रोजनवर ओतलेली, ४.२ टक्क्यांची, भाजलेल्या जवाची चव थोडी पुढे. दोन छोट्या ब्रुअरींना, ज्यांनी आपापल्या जागा सोडल्या होत्या, टाक्या भाड्याने दिल्या. कॅन लागतात तेव्हा फिरती मशीन घेऊन येणाऱ्याला वर्षातून काही दिवस बोलावतात. आणि २०१९ मध्ये टाळलेला परवाना अखेर काढला. दुधाचे कॅन उतरवायच्या जुन्या कट्ट्याजवळ लाकडी बार झाला, बायकोच्या वडिलांनी केलेला.

## पुढे काय झालं

शुक्रवारी आणि शनिवारी फेऱ्या असतात. टाक्या दाखवायच्या, माल्ट चाखायला द्यायचा, मग कट्ट्यापाशी एखाद-दोन ग्लास. सातला पाच मिनिटं असताना बायको घंटा वाजवते, आणि सातला टॅप बंद. पहिल्या उन्हाळ्यात हे फार टोचायचं, गप्पा रंगलेल्या असताना लोकांना उठवावं लागायचं. उठलेले लोक रस्ता ओलांडून समोरच्या पबात जायचे. त्या पबाने २०१६ मध्ये यांची टॅप काढली होती. ऑगस्टमधल्या एका रविवारी पबमालक स्वतः आला आणि बायकोला म्हणाला, शनिवारी रात्री वीस जण येऊन तुमची स्टाउट मागतात, मी रोज नाही कसं म्हणू? त्याने एक नळी दिली. जानेवारीत पुन्हा काढली, कारण हिवाळ्यात फेऱ्या थंडावल्या आणि केग पडून राहायला लागले. मार्चमध्ये परत लावली. आता तिथे वीस लिटरचे छोटे केग देतात, उघडलेला केग चार दिवसांत संपावा म्हणून.

२०२५ च्या मध्यावर उत्पादन पूर्वीच्या निम्म्याच्याही खाली आहे. जवळचे पब एकोणीसवरून सव्वीस झाले. गेल्या दोन दशकांत आयर्लंडमध्ये दोन हजारांच्या आसपास पब बंद झाले आहेत, हे लक्षात घेता सव्वीस हा आकडा मला मोठा वाटतो. त्यातले काही पब पुढच्या वर्षी असतील का, हा प्रश्नही त्यासोबत येतोच. करखात्याचा एकही हप्ता चुकलेला नाही. नफा बारीक आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये किमान वेतन तासाला साडेतेरा युरोंवर गेल्यापासून आणखी बारीक. ब्रुअर केग स्वतः उचलतो, त्याचा उजवा खांदा गेला आहे, शस्त्रक्रिया पुढे ढकलतो आहे. डब्लिनमधले जुने चाहते ब्रुअरी बंद झाली असंच समजतात, कारण शेल्फवर कॅन दिसत नाहीत. बायकोला त्याचं वाईट वाटतं. मलाही वाटलं, जेव्हा माझ्याच एका ओळखीच्या मराठी घरी, गणपतीच्या दिवसांत, यजमानांनी ‘ती लाल एल मिळत नाही आता, बुडाले बहुतेक’ असं सहज सांगितलं.

## निर्णय मागे घेता आले असते तर

मशीन घेतली ही चूक असं मी सरसकट म्हणणार नाही. फिरती कॅन सेवा २०१७ मध्येही मिळत होती. एक वर्ष तिच्यावर सुपरमार्केटचा माल भरून पाहिला असता, तर लिटरमागचे ते दीड युरो कर्ज घेण्याआधी दिसले असते.

परवान्याच्या बाबतीत बायको पहिल्यापासून बरोबर होती. पण २०१९ मध्ये तिच्यापाशी आकडे नव्हते आणि टाकीच्या बाजूने मागणीचं पत्र होतं. तिला दिसत होतं ते असं, की ब्रुअरीला स्वतःचं एकही गिऱ्हाईक नाही. पबमालक आहे, सुपरमार्केटचा खरेदी अधिकारी आहे, पण पिणारा माणूस कुणी पाहिलेला नाही. हे तिने तेव्हा बैठकीत बोलूनही दाखवलं होतं, इतिवृत्तात ती ओळ आहे. पुढची ओळ टाकीच्या मंजुरीची.

बाजूला ठेवलेला कर पहिल्या महिन्यापासून ताळेबंदात ‘देणं’ म्हणून ठळक दाखवायला हवा होता. आधीच्या हिशेबनिसाने तो एका तळटीपेत ठेवला होता. नियमाला धरून होतं, पण भागीदार तळटीपा वाचत नाहीत, आणि हे आम्हा हिशेबनिसांना पक्कं माहीत असतं.

मित्राबरोबरचा करार राहून गेला, त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. बाटल्या-कॅनवर आरोग्याच्या इशाऱ्यांची लेबलं मे २०२६ पासून सक्तीची होणार होती. आता ती तारीख सप्टेंबर २०२८ वर गेली आहे. ब्रुअरने जुन्या लेबलांचे उरलेले रोल फेकायला काढले होते, ते परत माळ्यावर ठेवले. गावातल्या छापखान्याशी नव्या लेबलांबद्दल बोलणं चालू आहे. केगची मोजणी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी होते, खडू थंड खोलीच्या दाराशीच टांगलेला असतो. गेल्या वेळी पाचशे नव्वद भरले, म्हणजे वीस पुन्हा कुठेतरी आहेत. बायको या आठवड्यात गाडी घेऊन निघाली आहे.